ऐंशी फेऱ्या

बेबीनंदा वाहुळे यांना खुर्ची दिली, तर त्या तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहतात. जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलवाल्यांना आता त्याची सवय झाली आहे. मिलमधला कंट्रोलर अडला की फोन जातो, बाई मोपेडवरून येतात, उभ्यानंच अर्धा कप चहा पितात आणि पॅनेलचं दार उघडतात. बिघाड काय आहे ते ऐकून घेण्याआधी त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. यात शेवटचा बदल कधी झाला? आणि त्यानंतर काय काय मोजून पाहिलं? पहिल्याला उत्तर मिळतं. दुसऱ्यावर लोक एकमेकांकडे पाहतात.

हा दुसरा प्रश्न त्यांना कोणी शिकवलेला नाही. तो १९९५च्या उन्हाळ्यातला आहे. एका बियाणं कारखान्यात त्या उन्हाळ्यात साहेबराव ढवळे नावाच्या माणसाची नोकरी आणि अब्रू पणाला लागली होती.

तेव्हा त्यांना कोणी बाई म्हणत नव्हतं. परतूर तालुक्यातल्या वाटूरला ती 'मास्तरची बेबी' होती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. वर्गात ही मुलगी एका जागी तासभर टिकत नसे. पाणी प्यायला उठे, खडू आणायला उठे, काहीच नसलं तर फळा पुसायला उठे. मास्तरांनी तिला जालन्याला आयटीआयमध्ये घातलं, इलेक्ट्रॉनिक्सला. तिथं वर्कशॉपमध्ये उभं राहूनच काम करायचं असतं, हे तिला सगळ्यात आवडलं. कोर्स संपल्यावर ती मस्तगडला मावशीकडे राहू लागली आणि एमआयडीसीतल्या त्या बियाणं कारखान्यात वायरिंगच्या कामाला लागली.

कारखान्याच्या भिंतीवर तेव्हा मोटरी चालू-बंद करणाऱ्या रिलेंची रांग होती. दिवसभर खटखट चाले. १९९३ साली ती रांग निघाली आणि तिच्या जागी डब्याएवढा एक पीएलसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारा कंट्रोलर, आला. तो बसवायला पुण्याहून इंजिनिअर आला. बेबीनंदा त्याच्या मागे उभी राहून विचारत राहिली, हे काय, ते कशाला. इंजिनिअरनं कंटाळून तिला हातात धरायचा छोटा प्रोग्रामर, म्हणजे प्रोग्राम भरायचं यंत्र, दिलं आणि शिकवलं. चांगलं शिकवलं. त्याच्या जालन्याच्या फेऱ्या वाचल्या आणि हिला रात्रंदिवस डोक्यात फिरेल असं काहीतरी मिळालं.

पुढचं समजायला त्या डब्याचं काम थोडं समजून घ्यायला हवं. पीएलसी त्याला दिलेला प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. कुठलं बटण दाबलं आहे, कुठली टाकी भरली आहे हे पाहतो, त्याप्रमाणे मोटरी आणि व्हॉल्व्ह चालू-बंद करतो आणि पुन्हा पहिल्या ओळीवर येतो. विसावा नाही. अशा एका फेरीला स्कॅन म्हणतात, आणि ती पापणी लवायच्या आत संपते.

कारखान्यात कपाशीच्या बियाण्याला लाल औषध लावलं जाई. वजनकाटा बियाण्याचा एक घाणा फिरत्या पिंपात सोडी, वरचा व्हॉल्व्ह उघडे आणि थोडा वेळ औषध पडे. हा 'थोडा वेळ' नेमका हवा. कमी पडलं तर बुरशी, जास्त पडलं तर उगवणीला धोका. वेळ मोजायला पीएलसीत टायमर असतात, पण त्या जुन्या डब्यात ते मोजकेच होते, आणि पट्टे, पंखे, एलिव्हेटर यांनी ते सगळे खाऊन टाकले होते. औषधासाठी एकही शिल्लक नव्हता. मोठा कंट्रोलर मागवावा तर तो येईस्तोवर हंगाम गेला असता.

बेबीनंदानं मग फेऱ्याच मोजायला लावल्या. तिनं एक स्कॅन काउंटर लिहिला. व्हॉल्व्ह उघडला की मोजणी सुरू, ऐंशी फेऱ्या झाल्या की व्हॉल्व्ह बंद. मापाचा मग व्हॉल्व्हखाली धरून, आकडा कमीजास्त करत ती ऐंशीवर आली होती. ऐंशी फेऱ्यांना दोन सेकंद लागत आणि औषध मगाच्या खुणेला टेकत असे. मॅनेजर अण्णासाहेब खूश झाले. त्यांनी तिला वायरिंगमधून काढून पॅनेलवर घेतलं.

औषध कालवायचं काम साहेबरावांकडे होतं. कॅनमधलं औषध टाकीत ओतायचं, ठरलेलं पाणी घालायचं, ढवळायचं. पन्नाशीचा माणूस, तोंडाला फडकं बांधलेलं, नखं कायम लाल. तेही वाटूरचे. भावांत जमीन वाटली गेल्यावर ते जालन्याला आले होते. एमआयडीसीमागच्या वस्तीत त्यांची खोली होती, बायको सगुणाबाई गावाकडे. वाटूरला दोघांच्या आळ्या वेगळ्या. साहेबराव शेतकरी मराठ्याच्या घरातले, बेबीनंदा बुद्धवाड्यातली. जालन्यात मात्र दोघंही वाटूरचे, एवढंच लोकांना माहीत होतं. शनिवारी दोघं एकाच एसटीनं गावाला जात. साहेबराव खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत, दोघांसाठी. बेबीनंदा त्या जागेवर पाच मिनिटं बसे आणि उठून दाराशी जाऊन उभी राही.

"बेबी," साहेबराव म्हणत, "बस तर ड्रायव्हर चालवून राह्यला. तू कशाला पाय हलवून राह्यली?"

"तुम्ही बसा ना काका दोन्ही जागांवर."

"तिकीट एकाचंच काढलंय."

१९९५च्या फेब्रुवारीत पिशव्या भरायचं नवं मशीन आलं. त्याला वेगळा कंट्रोलर घ्यायचा खर्चा अण्णासाहेबांना नको होता. "जुन्यातच बसव," ते म्हणाले. बेबीनंदानं बसवलं. जुन्या प्रोग्रामच्या खाली नव्या मशीनचा प्रोग्राम लिहिला. पिशवी उघडते का, वजन बराबर येतं का, शिलाई जल्दी होते का, सगळं दोन दिवस तपासलं. औषधाचा भाग तिनं तपासला नाही. त्याला हात लावलाच नव्हता, तर तपासायचं काय?

मार्चपासून औषधाचे कॅन लवकर संपू लागले. स्टोअरमधून जादा कॅन मागवावे लागले. त्याच सुमाराला पिशव्यांच्या पट्ट्यावर बसणाऱ्या दुर्गाबाईंनी बेबीनंदाकडे तक्रार केली.

"ताई, बी ओलंच येऊन राह्यलं. हाताला चिकटतं. घरी गेले तर सून म्हणती, आत्याबाई, मेंदी कुणाच्या लग्नाची?"

अण्णासाहेबांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. कॅन जास्त लागतात, म्हणजे औषध बाहेर जातंय. बी ओलं येतं, म्हणजे चोरी लपवायला टाकीत पाणी वाढवलं जातंय. औषध आणि पाणी दोन्ही एकाच माणसाच्या हातात होतं. हिशोब सरळ दिसत होता, आणि सरळ दिसत होता म्हणूनच तो कोणी उलगडून पाहिला नाही.

दुपारची पाळी बदलताना त्यांनी दोन्ही पाळ्यांची माणसं गेटपाशी थांबवली. साहेबरावांना पुढे बोलावलं. बेबीनंदालाही बोलावलं.

"वाहुळे, मशीन एका घाण्याला औषध किती सोडतं?"

तिनं आत जाऊन प्रोग्रामर लावून पाहिलं होतं. "आकडा ऐंशी आहे साहेब. पहिल्या दिवशी होता तोच. त्यात काही बदल नाही."

"म्हणजे मशीन जादा सोडत नाही?"

"आकडा तोच आहे."

"ऐकलं ना साहेबराव? मशीन जादा सोडत नाही. मग कॅन जातात कुठं?"

"टाकीत जातात साहेब. माझ्या हातानं वततो."

"आणि टाकीतून?"

साहेबराव बेबीनंदाकडे वळले. "बेबी, तू काय म्हणून राह्यली?"

"मी काही म्हणत नाही काका. आकडा सांगितला."

"बराबर," साहेबराव म्हणाले. "आकडाच सांगितला."

अण्णासाहेबांनी 'चोर' हा शब्द मोठ्यानं उच्चारला. सगळ्यांनी ऐकला. चौकशी होईस्तोवर कामावर येऊ नका, असं सांगितलं. साहेबरावांनी तोंडाचं फडकं सोडलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि गेटच्या बाहेर गेले. त्या शनिवारी एसटीत बेबीनंदासाठी कोणी रुमाल टाकला नाही. ती जालना ते वाटूर उभी गेली. एरवीही ती उभीच जात असे, पण त्या दिवशी तिचे पाय दुखले.

वाटूरला बातमी तिच्या आधी पोचली होती, आणि पोचताना बदलली होती. मास्तरच्या पोरीनं साहेबरावाला चोर ठरवलं, असं फाट्यावरच्या हॉटेलात लोक म्हणत होते. तिची आई गिरिजाबाई हे हातपंपावर ऐकून आली होती.

"खरं हाय का?" आईनं विचारलं.

"आकडा खरा आहे, आई."

"आकडा न्हाई विचारला मी. साहेबराव चोर हाय का?"

बेबीनंदा अंगणात फिरत राहिली. आई म्हणाली, "फिरू नको. उत्तर दे न्हाईतर जेव." तिनं दोन्ही केलं नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "आता असं काहीतरी बसव, की चोरी झाली की कळलंच पाहिजे." तिलाही तेच हवं होतं. साहेबराव चोर असोत वा नसोत, काहीतरी पक्कं कळावं. तिनं प्रोग्रामला आणखी एक तुकडा जोडला. किती घाणे झाले, त्यांना औषध किती लागायला हवं, टाकीतून किती गेलं, याचे गुणाकार-भागाकार पीएलसीच करणार, आणि फरक पडला की टाकीवर लाल दिवा लागणार.

साहेबरावांच्या जागी वसंता आला होता. वसंता अण्णासाहेबांचा मेव्हणा. त्याच्यावर शंका घ्यायचा प्रश्न नव्हता. लाल दिवा पहिल्याच पाळीला लागला आणि विझेना. कॅन तर आधीपेक्षाही लवकर संपू लागले. साहेबराव तेव्हा वाटूरला घरी बसून होते.

पट्ट्यावरच्या बायकांना विषय मिळाला.

"वसंतराव," दुर्गाबाई म्हणाल्या, "साहेबराव लहान चोर व्हते. तुम्ही मोठे निघाले."

"मावशी, मस्करी करू नका. दाजी ऐकतील."

"दाजीला दिवा दिसून राह्यला की. ऐकायचं काय त्यात?"

अण्णासाहेबांनी दिवा पाहिला, मेव्हण्याकडे पाहिलं आणि बेबीनंदाला म्हणाले, "दिवा खराब आहे. काढून टाक."

तिनं दिव्याची वायर काढली नाही. वायर चांगली आहे हे तिला माहीत होतं. चूक तिच्या गुणाकारात असेल असं तिला वाटलं. म्हणून तिनं तो तुकडाच प्रोग्राममधून काढला आणि सवडीनं नीट लिहू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वसंता तिच्याकडे आला. तो हसत होता.

"ताई, तुमचा दिवा काढला तसं औषध पुरून राह्यलं बघा. दिवाच पीत व्हता काय?"

वसंता गेला. बेबीनंदा पॅनेलपुढे उभी राहिली. दिवा औषध पीत नाही. पण दिव्याचा तुकडा काढल्यावर औषध कमी गेलं होतं, आणि माणूस तोच होता, टाकी तीच होती, आकडा तोच ऐंशी होता. कमी झाल्या होत्या त्या फक्त प्रोग्रामच्या ओळी.

तिनं मापाचा मग आणला. व्हॉल्व्हखाली धरला. औषध खुणेच्या वर गेलं. तिनं पिशव्यांच्या मशीनचा भाग तात्पुरता वगळला आणि पुन्हा मग धरला. औषध खुणेला टेकलं. त्यानंतर तिनं दोन्ही तुकडे परत जोडले, पिशव्यांचा आणि दिव्याचा. मग भरून लाल औषध तिच्या मनगटावर आलं.

ऐंशी फेऱ्या ऐंशीच होत्या. फेरी लांबली होती. प्रोग्राम वाढला की एका फेरीत वाचायच्या ओळी वाढतात, फेरीला जास्त वेळ लागतो, आणि फेऱ्या मोजून बंद होणारा व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. पिशव्यांच्या मशीननं औषध वाढवलं होतं. चोर पकडायला लिहिलेल्या तुकड्यानं ते आणखी वाढवलं होतं. साहेबरावांनी टाकीत ठरलेलंच पाणी घातलं होतं. बी ओलं येत होतं ते औषधच जास्त पडत होतं म्हणून.

हात न धुताच ती अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस मूर्ख नव्हता. त्यांना लगेच समजलं. त्यांनी आधी बियाण्याचं पाहिलं. त्या मुदतीतल्या सगळ्या बियाण्याची रवानगी थांबवली आणि उगवण चाचणीला नमुने लावले. बरंचसं बियाणं चाचणीत टिकलं. जे टिकलं नाही ते बाजारात गेलं नाही. एवढं त्यांनी चोख केलं.

"आता तू आकडा कमी कर," ते म्हणाले. "पन्नास कर, साठ कर, मापाचा मग धरून बघ. विषय संपला."

"आणि साहेबराव काका?"

"त्यांचं बघू. पुढच्या हंगामात घेऊ परत."

"चोर म्हणून गेले साहेब. हंगामी म्हणून येतील?"

"वाहुळे, मी हेड ऑफिसला कळवलंय चोरी म्हणून. आता काय कळवू? आमच्या पॅनेलवालीनं मोजलं नाही म्हणून? तुझी नोकरी राहील?"

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी बेबीनंदानं सुट्टी टाकली आणि सकाळची एसटी धरली.

वाटूरच्या फाट्यावर उतरून ती साहेबरावांच्या आळीत गेली. त्या आळीत ती लहानपणी एकदा-दोनदाच गेली होती. साहेबराव ओसरीवर फवारणीच्या पंपाचा वायसर बदलत बसले होते. त्यांनी फाट्यावर जाणं सोडलं होतं. सगुणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाणी विचारलं नाही. उन्हातून आलेल्या माणसाला वाटूरला पाणी विचारलं नाही, की पुढचं काही बोलावं लागत नाही.

"बस," साहेबराव म्हणाले.

ती बसली नाही. स्कॅन, काउंटर, फेरी असं भराभर बोलत सुटली. साहेबरावांनी वायसरवरून नजर उचलली नाही. मग ती थांबली आणि पहिल्यापासून सांगू लागली.

"काका, खळ्यावर बैल फिरवताना ऐंशी फेऱ्या ठरवल्या. ऐंशी झाल्या की बैल सोडायचे. बराबर?"

"बराबर."

"मग कोणीतरी खळं मोठं केलं. फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या."

साहेबरावांनी पंप खाली ठेवला. "तर बैल दुपारपर्यंत फिरतील."

"तसंच झालं. आकडा ऐंशीच होता. मी खळं मोठं केलं, आणि परत मोजून बघितलं नाही."

"म्हणजे बैल तुझे, खळं तुझं," साहेबराव म्हणाले, "अन् कडबा माझ्या डोक्यावर."

सगुणाबाई दारातून म्हणाल्या, "इतके दिवस आम्ही फाट्यावर तोंड दाखवलं न्हाई. अन् ही खळ्याची गोष्ट सांगून राह्यली."

"थांब तू," साहेबराव म्हणाले. मग बेबीनंदाला म्हणाले, "पण हे मला कशाला सांगून राह्यली? मी चोर न्हाई हे मला माहीत व्हतं."

त्यांनी हात फडक्याला पुसले.

"जिथं म्हणल्ते, तिथं सांग. जेवढे लोक व्हते, तेवढ्यांपुढं सांग. मंग बघू."

"उद्या दुपारच्या पाळीला या."

"आत घेतील का?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबराव आले, सोबत सगुणाबाई. गेटवर रखमाजी वॉचमन होता. साहेबरावांना आत सोडू नका असं त्याला तोंडी सांगितलेलं होतं.

"कागदावर काही दिलं न्हाई मला," रखमाजी म्हणाला. "अन् तोंडी सांगितलेलं मला कमी ऐकू येतं. वहिनी, या."

पाळी बदलायची वेळ होती. बेबीनंदानं पट्टा थांबवला. कारखान्यात पट्टा थांबला की सगळे मान वर करतात. कोणाला हाक मारावी लागत नाही. जाणाऱ्या पाळीची आणि येणाऱ्या पाळीची माणसं औषधाच्या पिंपाभोवती जमली. तिनं दुर्गाबाईंच्या हातात मग दिला.

"हा व्हॉल्व्हखाली धरा."

"माझ्यावर काही आळ येणार न्हाई ना ताई?" दुर्गाबाईंनी विचारलं. दोन-चारजण हसले. साहेबराव हसले नाहीत.

तिनं आधी जुना प्रोग्राम चालवला, नुसता. औषध खुणेला टेकलं. दुर्गाबाईंनी मग सगळ्यांना फिरवून दाखवला. त्यानंतर बेबीनंदानं पिशव्यांच्या मशीनचा भाग जोडला. औषध खुणेच्या बरंच वर गेलं. लोक पुढे सरकले. आवाज ऐकून अण्णासाहेब केबिनमधून आले आणि गर्दीच्या मागे उभे राहिले. तिनं त्यांना पाहिलं, आणि दिव्याचा तुकडाही जोडला. मग काठोकाठ भरला आणि औषध दुर्गाबाईंच्या पायावर सांडलं.

"आकडा तिन्ही वेळेला ऐंशीच आहे," बेबीनंदा म्हणाली. "त्या दिवशी मी आकडा बघून सांगितलं. औषध मोजलं नाही. मशीन जादा सोडत होतं. काकांनी एक थेंब नेला नाही."

ती घाईनं बोलली. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून वसंतानं तिचं वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. त्याच्यावरचाही आळ निघत होता.

अण्णासाहेब पुढे आले. "तांत्रिक बिघाड होता," ते म्हणाले. "गैरसमज झाला. साहेबराव, तुम्ही सोमवारपासून या."

"साहेब," साहेबराव म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बिघाड म्हणल्ते का? चोर म्हणल्ते. आता तेवढंच म्हणा. न्हाई म्हणून."

अण्णासाहेबांनी जमिनीवर सांडलेल्या लाल औषधाकडे पाहिलं.

"साहेबराव चोर नाहीत," ते म्हणाले.

"तिकडं पट्ट्याकडच्या बायांला ऐकू आलं न्हाई."

अण्णासाहेबांनी पुन्हा म्हटलं. या वेळी रखमाजीलाही गेटवर ऐकू गेलं.

सोमवारी साहेबराव कामावर आले. बेबीनंदानं अण्णासाहेबांना मोठा कंट्रोलर घ्यायला लावला आणि औषधाचा व्हॉल्व्ह टायमरवर टाकला. हेड ऑफिसला अण्णासाहेबांनी काय कळवलं ते तिला कधी समजलं नाही. पुढच्या वर्षी तिची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही, कारण दिलं नाही. तिनंही विचारलं नाही. तोवर दोन मिलवाल्यांनी तिला पॅनेल बघायला बोलावलं होतं.

पण वाटूरचं राहिलं होतं. कारखान्यात म्हटलेलं कारखान्यातच राहतं, चोर हा शब्द मात्र तिथून गावात येऊन बसला होता. साहेबराव कामावर परत गेले हे फाट्यावर कळलं, तर लोक म्हणाले, मिटवलं असेल. म्हणून कामावर परतल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी एसटीतून उतरल्यावर साहेबराव घराकडे वळले नाहीत. ते फाट्यावरच्या हॉटेलापुढे थांबले आणि म्हणाले, "बेबी, इथं पण."

हॉटेलच्या बाकांवर गावातली दहा-बारा माणसं बसलेली होती. मास्तरची बेबी त्या बाकांपुढे उभी राहून कधी बोललेली नव्हती. बुद्धवाड्यातल्या बायका तिथं थांबतही नसत, फाट्यावर उतरून सरळ निघून जात. ती उभी राहिली. खळ्याची गोष्ट सांगितली, मापाच्या मगाची सांगितली. लोकांनी चहा थांबवून ऐकलं.

"म्हणजे मशीननं चोरी केली म्हण की," एकजण म्हणाला.

"मशीननं नाही. मी मोजलं नाही."

"तुझ्यावर काही झालं का मंग?"

"अजून नाही."

"बघा," तो शेजारच्याला म्हणाला, "शिकलेल्याचं असं असतं." शेजारच्यानं मान हलवली. तिसरा म्हणाला, काही का असेना, पोरगी येऊन सांगून राह्यली. एकानं साहेबरावांसाठी बाकावर सरकून जागा केली. बाकावरचे दोघं मात्र जागेवरून हलले नाहीत. त्यांना ही गोष्ट पटलेली नव्हती, आणि त्यांतल्या एकाला ती शेवटपर्यंत पटली नाही.

साहेबराव बसले. चहा सांगितला. बेबीनंदा तिथंच उभी होती, निघावं की थांबावं ते तिला कळत नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "राग गेला का?"

साहेबरावांनी बशीत चहा ओतला. तो निवेस्तोवर ते फुंकत राहिले.

"जाऊन राह्यला," ते म्हणाले. "तुझ्यासारखी जल्दी न्हाई त्याला."